नवरंग येईपर्यंत

मे महिन्यात माणसे महाबळेश्वरला जातात, माथेरानला जातात, गेला बाजार चिखलदऱ्याला तरी जातात. आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीला जातो आहोत म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी चेहरा गंभीर केला आणि हळूच विचारले, "कुणाचं काही बरंवाईट तर नाही ना?" काकूंचे काही चुकले नाही. त्या दिवसांत आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नवतपा लागतो, आणि त्या नऊ दिवसांत विदर्भातला शहाणा माणूस दुपारी दाराबाहेर पाऊल ठेवत नाही.

जाण्याचे खरे कारण काकूंना सांगितले नाही. वाचकांना सांगायला हरकत नाही. आम्ही एका माणसाला त्याच्या घरातून उचलून आणायला निघालो होतो.

हा माणूस म्हणजे आमचे मास्तर. वकील, डॉक्टर, मास्तर आणि मी असे चौघे नागपूरला कॉलेजात एका खोलीत राहत होतो. पुढे तिघे शहरात रुजलो. मास्तर आपल्या गावी परतले, शाळेत शिकवू लागले, निवृत्त झाले आणि हिंगणीतच राहिले. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. तेव्हापासून चौऱ्याहत्तर वर्षांचा हा गृहस्थ एकटा. मागच्या उन्हाळ्यात तर भर दुपारी विहिरीपाशी चक्कर येऊन पडले. तासभर कुणाला पत्ता नाही. एप्रिलमध्ये त्यांच्या चिरंजीवांचा पुण्याहून फोन आला : "काका, बाबा माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. नवतपा लागायच्या आत त्यांना इकडे पाठवून द्या. मी हात जोडतो."

मुलाने हात जोडल्यावर काय करणार? आम्ही बेत ठरवला.

चाकांवरचे बिऱ्हाड

वकिलांच्या भाच्याकडे एक कॅरॅव्हॅन आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे बराच कानी पडू लागला. ज्यांनी ती गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : टेम्पोएवढ्या गाडीत दोन बाके, रात्री त्यांचेच पलंग, एक शेगडी, पाण्याची टाकी, भांड्यांची फळी, पंखा, आणि दाराशी भलामोठा आरसा. डॉक्टरांनी तिचे नाव ठेवले 'चाकांवरचे बिऱ्हाड'. मास्तर एकदा आत बसले की गाडी थेट पुण्याला न्यायची, वाटेत मुक्काम करीत, म्हणजे म्हाताऱ्याला सहलीसारखे वाटेल, अशी आमची युक्ती होती.

तिघे आणि तिघांच्या मंडळी, अशी सहा माणसे पहाटे नागपूरहून निघालो. बुटीबोरी मागे टाकली आणि केळझरला चहाला थांबलो. केळझर म्हणजे पांडवांची एकचक्रा नगरी आणि बकासुराला भीमाने मारले ते इथेच, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. टेकडीवरच्या गणपतीला नमस्कार करून आलो, तो आमच्या सौ.नी गाडीच्या फळ्यांकडे पाहिले. लाडू, चिवडा, कुरड्या, लोणची, दोन पेट्या आंबे. "बकासुराला रोज गाडाभर अन्न लागे म्हणतात," त्या म्हणाल्या. "आपणही तेवढंच घेऊन निघालो आहोत."

"पण माणूस आणायचा आहे," वकील म्हणाले. "बकासुरालाही गाड्याबरोबर माणूस लागेच!"

सगळे हसलो, पण मला ते हसू जरा खटकले.

सेलूला मुख्य रस्ता सोडून हिंगणीच्या वाटेला लागलो. पऱ्हाटीची शेते मोकळी पडलेली, बांधावर पळस धुळीने माखलेले आणि मध्येच एखादा बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडलेला. क्षितिजावर बोरच्या जंगलाची करडी रेघ दिसू लागली.

परसातली पंगत

मास्तरांचे घर जुन्या वळणाचे. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे ओसरी आणि मागे मोठे परस. परसात विहीर, एक गावठी आंबा, एक कडुलिंब, लिंबू, जास्वंद, कढीलिंब आणि कुंपणाला करवंद. बाहेरच्या आगीतून ओसरीत पाऊल टाकले की कपाळावर कुणी ओला हात ठेवावा तसे वाटते.

"या, बरे आलात," मास्तर म्हणाले. "माणसं कमीच पडत होती."

कशाला कमी पडत होती, ते दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता कळले. मास्तरांनी तिघांच्या हाती एकेक कळशी दिली. परसात झाडांच्या सावलीने मातीची अकरा परळे मांडलेली. रोज पहाटे ती नारळाच्या शेंडीने घासायची, ताज्या पाण्याने भरायची आणि प्रत्येकात एक चपटा दगड ठेवायचा. दगड कशाला? तर लहान पाखराला उभे राहायला आणि मधमाशीला बुडू नये म्हणून. परळ उथळ हवे, सावलीत हवे आणि मांजराला दडून बसता येईल अशा झुडपापासून चार हात दूर हवे. शहरात गच्चीवर किंवा खिडकीत परळ ठेवणाऱ्या वाचकांनीही एवढे ध्यानात ठेवावे.

मग ओसरीवर बसून आम्ही पंगत पाहिली. आधी सातभाई आले, नावाप्रमाणे घोळका करून, कलकलाट करीत. मग साळुंक्या, बुलबुल, दयाळ. हळद्या नवरदेवासारखा पिवळाधमक होऊन आला, दोन घोट प्याला आणि आंब्यात गडप झाला. लिंबाच्या शेंड्यावर तांबटाचे 'टुक् टुक् टुक्' सुरू झाले. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसे. ऊन चढू लागले तशी खार पोट टेकून ओल्या मातीवर पसरली. कुंपणावरच्या सरड्याचे डोके लालभडक झालेले. विणीच्या दिवसांत नराला असा रंग चढतो. दहाच्या सुमारास एक मुंगूस आपल्याच घरात वावरावे तसे विहिरीला वळसा घालून गेले.

मोरीतल्या रांजणाखाली चार बेडूक होते. आमच्या सौ. किंचाळल्या. मास्तर म्हणाले, "वहिनी, ते भाडेकरू आहेत. पाऊस पडला की जागा रिकामी करतात."

विहिरीजवळच्या भिंतीत एक भोक होते. त्यात हुदहुदाचे घरटे. अंडी उबवताना मादी जागची हलत नाही आणि नर तिला खाऊ आणून भरवतो. त्या वेळी पिल्ले मोठी झाली होती. दोन्ही पाखरे चोचीत अळ्या घेऊन येत, तुरा पंख्यासारखा उघडत आणि आत चोच घालून परत उडत. भिंतीचा तो भाग पावसाळ्याआधी लिंपायला हवा होता. "गवंडी दोनदा येऊन गेला," मास्तर म्हणाले. "त्याला सांगितलं, पोरं उडाली की ये."

डॉक्टरांच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "आणि यांना आपण पुण्याच्या चौथ्या मजल्यावर न्यायचं!"

आमच्या चाकांवरच्या बिऱ्हाडाची मात्र फजिती झाली. दिवसा त्या पत्र्याच्या पेटीत पाय ठेवणे अशक्य, म्हणून रात्री सगळे अंगणात खाटा टाकून चांदण्याखाली झोपत होतो. गाडी रिकामी पाहून इतरांनी ती ताब्यात घेतली. दाराशी आरसा होता, त्यात एका शिंजिराने आपले प्रतिबिंब पाहिले. काळ्यानिळ्या झळाळीचा तो अंगठ्याएवढा नर ते आपला वैरीच समजून सकाळभर आरशाशी झुंजत राहिला. शेवटी वकीलवहिनींनी आरशावर एक खण बांधला तेव्हा लढाई थांबली. तिसऱ्या दिवशी एका कुंभारणीने, म्हणजे मातीचे घर बांधणाऱ्या गांधीलमाशीने, शेगडीवरच्या फळीला ओल्या मातीचे पहिले बोट लावले.

बंडीतून आणि गाडीतून

आम्ही चौघे पूर्वी एकदा हिंगणीला आलो होतो, १९७१ च्या मे महिन्यात. तेव्हा मास्तरांच्या वडिलांनी दोन बंड्या जुंपून दिल्या होत्या. बैलांना ऊन लागू नये म्हणून रात्री तीनला निघालो, बंडीत कडब्यावर आडवे होऊन तारे पाहत बोरधरण गाठले. १९६५ साली झालेले ते धरण तेव्हा नवे होते. काठावर गोवऱ्या पेटवून रोडगे भाजले, वांग्याच्या भाजीबरोबर इतके खाल्ले की परतताना बैलांनी मागे वळून पाहिले असावे.

या खेपेस पहाटे कॅरॅव्हॅनने गेलो. पाणी पुष्कळ खाली उतरले होते, पण त्या वैराण मुलखात तेवढा निळा तुकडाही डोळ्यांना पुरे झाला. आता तिथे पूर्वीसारखे वाटेल तसे शिरता येत नाही. बोरचे जंगल १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. गाभा क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर. गाभा क्षेत्राच्या हिशेबाने देशातल्या सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्पांत त्याची गणना होते. नाक्यावर आपली गाडी ठेवायची, तिथली उघडी जीप आणि वाटाड्या घ्यायचा, आणि तोंड मिटून बसायचे.

वाघ दिसला नाही. चितळ दिसले, सांबर दिसले, एक नीलगाय दिसली. नाल्याच्या कडेला ओल्या वाळूत पंजाचा ठसा दिसला, तेवढ्यावर वकिलांनी वाघ पाहिल्याचे समाधान मानले. मास्तर म्हणाले, "जंगल लहान, पण वाघाचे पाय लांब. त्याला कुठे माहीत, आपली हद्द कुठे संपते ते!" २०१७ च्या डिसेंबरात बोरचा 'बाजीराव' नावाचा वाघ नागपूर–अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला, याची त्यांनी आठवण दिली. "म्हणून सांगतो, जाल तेव्हा रात्री गाडी हाकू नका. उजाडल्यावर निघा."

'जाल तेव्हा' म्हणाले. 'जाऊ तेव्हा' म्हणाले नाहीत. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले.

जंगलात आता विस्तव पेटवायचा नाही. तेच योग्य आहे. तेव्हा रोडगे संध्याकाळी मास्तरांच्या परसात झाले. शेजारची एक म्हातारी मावशी कणीक मळायला आली. तिला आमचा बेत कुणी सांगितला होता, देव जाणे. गोवऱ्या रचता रचता तिने विचारले, "मास्तरले नेऊन रायले म्हनते. मंग या पाखरायले पानी कोन पाजीन जी?"

कुणी उत्तर दिले नाही. रोडगे मात्र फर्मास झाले होते.

वही

त्या रात्री विषय काढणे भाग होते. वकिलांनी मोठ्या कौशल्याने मुलाची काळजी, वय, ऊन, पुण्याची हवा असे मुद्दे एकामागून एक मांडले. मास्तरांनी सगळे ऐकून घेतले. मग आत गेले आणि एक जाड, जुनी वही घेऊन आले.

वही वहिनींची होती. लग्न होऊन हिंगणीला आल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांनी ती सुरू केली. आत दुसरे काही नाही. वर्षाला एकच ओळ. 'आज नवरंग आला', आणि पुढे तारीख, वेळ.

नवरंग हे चिमणीपेक्षा थोडे मोठे, आखूड शेपटीचे पाखरू. पाठ हिरवी, पंखावर निळा डाग, डोळ्यावर काळी पट्टी, पोटाखाली तांबडा रंग; देवाने रंगाची पेटी रिकामी केली असावी. हिवाळा ते दक्षिणेत आणि लंकेत काढते आणि पावसाच्या तोंडाशी घरटे करायला आपल्या रानांत येते. पहाटे आणि सांजेला दोन सुरांची मोठी शीळ घालते. तामिळ मुलखात त्याला 'सहा वाजताचे पाखरू' असे नाव आहे. विदर्भात ते मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी येते. त्याच सुमारास पावशाही 'पेरते व्हा, पेरते व्हा' असा धोशा लावतो. पण वहिनींचा पावशावर विश्वास नव्हता. तो आपली अंडी सातभाईच्या घरट्यात घालतो. अशा पाखराचे काय ऐकायचे, असे त्या म्हणत. नवरंग आल्यावरच त्या वाळवणे आत घेत.

मास्तरांनी पाने उलटली. वळणदार अक्षरांच्या ओळी एकाखाली एक. एका ओळीचे अक्षर कापरे होते. "ही तिची शेवटची. खाटेवरून ऐकलं तिनं. मी लिहितो म्हटलं तर वही दिली नाही. पुढे बारा दिवसांनी गेली." त्याखालच्या दोन ओळी मास्तरांच्या हातच्या.

"मी हट्टी नाही रे," ते म्हणाले. "पोरगा चांगला आहे, सूनही चांगली. जाईन मी. पण नवरंग येईपर्यंत थांबू द्या."

आम्हा दोघांचे डोळे भरून आले. पण डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि चढ्या आवाजात सुरुवात केली. "हे सगळं खरं. आता माझंही ऐक. गेल्या वर्षी तुला साधी चक्कर आली नव्हती, ऊन लागलं होतं. म्हातारपणी तहान कळत नाही. अंग आतून तापत जातं, ताप १०४ वर गेला की माणूस बरळायला लागतो, घामही थांबू शकतो, आणि अशा वेळी तासभर कुणी पाहिलं नाही तर माणूस हाती लागत नाही. पाखराची वाट पाहणारा माणूस जिवंत नको का?"

त्यावर मास्तर पुष्कळ वेळ गप्प बसले. लिंबावरचा पिंगळा तेवढा चिरचिरत होता.

शेवटी तह झाला. कलमे डॉक्टरांनी सांगितली आणि वकिलांनी कागदावर उतरवली. अकरा ते चार परसात उतरायचे नाही. दुपारची परळे मावशीचा नातू भरील. तहान असो वा नसो, तासातासाला पाणी आणि दिवसातून दोनदा मीठ-साखर घातलेले पन्हे. रात्री मावशीच्या घरचे कुणीतरी ओसरीवर झोपेल. रोज संध्याकाळी सातला पुण्याला फोन. आणि नवरंग आला की आठ दिवसांच्या आत पुणे. मास्तरांनी सही केली. खाली लिहिले, 'हुदहुदाची पोरे उडालेली असल्यास.'

परत

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघालो. कुंभारणीचे अर्धे घर फळीला तसेच होते. ते खरवडायचा धीर कुणाला झाला नाही. पण गाडी नागपूरला गेल्यावर ती बिचारी ते शोधत बसणार, या विचाराने वाटभर चैन पडले नाही. एक घर चाकांवर असले की असे होते. ते आपण नेऊ तिथे येते खरे, पण त्याच्या भरवशावर कुणी दुसरा राहू शकत नाही. मास्तरांचे घर जागचे हलत नाही, म्हणून बेडूक, हुदहुद, सरडा आणि मुंगूस यांना त्याचा पत्ता पाठ आहे.

सेलूच्या चौकात गाडी थांबवून मी पुण्याला फोन लावला. आणायला गेलो आणि रिकामे परतलो, हे सांगायचे होते. कलमे वाचून दाखवली. मग वहीची गोष्ट सांगितली. पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन तुटला असे वाटले.

"आईची वही?" शेवटी आवाज आला. "ती अजून लिहितात ते?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी पहाटे साडेपाचला माझा फोन वाजला. मास्तरांचा नंबर. काळजात चर्र झाले. "हॅलो, हॅलो," म्हटले तरी उत्तर नाही. मग लक्षात आले, पलीकडे कुणीतरी फोन परसाकडे धरला होता. कळशीचा आवाज आला, सातभाईंचा गलका आला, आणि त्यातून अगदी स्वच्छ दोन सुरांची शीळ. एकदा, दोनदा, तीनदा.

त्यानंतर एका लहान मुलीचा आवाज : "आजोबा, तारीख मी लिहू?"

चिरंजीव रजा काढून मुलीला घेऊन हिंगणीला गेले होते. नवतपा बापाबरोबर काढला, परळे भरली आणि जाताना बापाला बरोबर घेऊन गेले. हुदहुदाची पोरे तोवर उडाली होती.

या दिवाळीला मास्तर पुण्यात आहेत. सुनेने त्यांना गॅलरीत तीन परळे मांडून दिली आहेत. परवा फोनवर तक्रार करीत होते की कबुतरांखेरीज कुणी फिरकत नाही. कडाक्याचे ऊन सुरू व्हायच्या आत, मार्चमध्ये हिंगणीला परतायचे, असे त्यांनी नातीकडून लिहून घेतले आहे. मेमध्ये तीही येणार आहे.

आम्हीही जाणार आहोत. या खेपेस कुणाला आणायला नव्हे. मास्तरांना कळशी उचलायला माणसे कमी पडतात, म्हणून.